फिटलेले मुद्दल डोळ्यांना दिसले पाहिजे

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात गेले काही आठवडे घरगुती कर्जांविषयी वाचकांची पत्रे येत आहेत. त्यांतील बहुतेकांचा सूर एकच आहे: अंथरूण पाहून पाय पसरावेत, ऋण काढून सण करू नये, हौसेला आवर घालावा. हे सारे खरे आहे; परंतु हे कर्ज काढण्यापूर्वी ऐकायचे शब्द आहेत. ज्यांच्या डोक्यावर कर्ज आधीच बसले आहे, ज्यांना ते बुडवायचे नाही आणि ज्यांच्यापुढे अजून आठ-दहा वर्षे हप्ते उभे आहेत, अशा घरांची अडचण निराळी असते. पहिल्या सहा महिन्यांत असलेला निश्चय तिसऱ्या वर्षी टिकवायचा कसा, ही ती अडचण. गेली चार वर्षे ती सोसणारी एक गृहिणी म्हणून मला याविषयी लिहावेसे वाटते.

माझ्या यजमानांचे बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत लेथकामाचे छोटे वर्कशॉप होते. २०२० च्या टाळेबंदीनंतर कामे थांबली, येणी अडकली आणि आज ना उद्या गाडी रुळावर येईल या आशेवर आम्ही वर्षभर एका कर्जावर दुसरे कर्ज घेत गेलो. शेवटी यंत्रे विकून त्यांनी दुसऱ्याच्या कारखान्यात नोकरी धरली. ४ नोव्हेंबर २०२१ रोजी, लक्ष्मीपूजनाच्या दुपारी, शेजारच्या गुजराती कुटुंबात चोपडापूजनाची, म्हणजे हिशेबाच्या वह्यांच्या पूजेची, तयारी चाललेली असताना आम्ही दोघांनी प्रथमच सारी कर्जे एका कागदावर मांडली. गृहकर्जाचे १४ लाख २० हजार, वैयक्तिक कर्जाचे ३ लाख ४० हजार, सोनेतारणाचे १ लाख ८० हजार, नणंदेकडून घेतलेले हातउसने दीड लाख आणि दोन क्रेडिट कार्डांवरचे ९२ हजार, अशी बेरीज २१ लाख ८२ हजार झाली. तोपर्यंत आम्ही दोघेही मनातल्या मनात पंधरा-सोळा लाख धरून चाललो होतो. इतके दिवस बेरीज न करण्यामागे भीतीच होती, हे त्या दिवशी कळले.

कर्ज फेडताना माणूस का थकतो, याचे पहिले कारण हप्त्याच्या गणितातच आहे आणि ते फारसे कोणी समजावून सांगत नाही. वीस लाखांचे गृहकर्ज नऊ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे १८ हजार रुपये येतो. पहिल्या हप्त्यातले १५ हजार व्याजात जातात आणि मुद्दल जेमतेम तीन हजारांनी उतरते. एकही हप्ता न चुकवता पाच वर्षे भरले, म्हणजे पावणेअकरा लाखांहून अधिक रक्कम दिली, तरी मुद्दल सव्वादोन लाखांच्या आसपासच फिटलेले असते. आणि अर्धे मुद्दल फिटायला तब्बल चौदा वर्षे लागतात. ज्याला हे ठाऊक नसते तो पाचव्या वर्षी शिल्लक पाहून खचतो, आपलीच काही चूक झाली असे समजतो, आणि मग एखादा हप्ता चुकला तरी काय बिघडणार, असे त्याच्या मनात येऊ लागते. ज्याला ते ठाऊक असते त्याला हेही कळते, की सुरुवातीच्या वर्षांत मुद्दलात टाकलेला जास्तीचा पैसा सर्वांत अधिक काम करतो. याच उदाहरणात पहिल्या महिन्यापासून दरमहा दोन हजार रुपये जास्त भरले, तर कर्ज वीसऐवजी साडेपंधरा वर्षांत फिटते आणि व्याजाचे सुमारे सहा लाख रुपये वाचतात.

आमचा मुलगा तेव्हा अभियांत्रिकी पदविकेच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याला हा आकडा सांगावा की नाही, यावर आमच्यात वाद झाला. यजमानांचे म्हणणे, मुलाच्या डोक्याला आत्तापासून हा घोर कशाला. माझे म्हणणे, हप्ता भरण्यासाठी त्याच्याच ताटातले कमी होणार असेल, तर त्याला कारण कळलेच पाहिजे. शेवटी सांगितले. दोन दिवस तो आमच्याशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने कॉलेजचा आलेखाचा कागद आणला, त्यावर २१८ चौकोन आखले, प्रत्येक चौकोन दहा हजारांचा, आणि तो कागद स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. पाहुण्यांना दिसू नये, पण डाळीचा डबा काढताना आम्हाला रोज दिसावा, अशी ती जागा होती. दहा हजारांचे मुद्दल फिटले, की एक चौकोन रंगवायचा. व्याजापोटी गेलेल्या पैशाचा चौकोन नाही, हा नियम त्यानेच घातला आणि तो फार महत्त्वाचा ठरला, कारण त्यामुळे घरातल्या प्रत्येकाला मुद्दल आणि व्याज यांतला फरक कळला. दर पंचवीस चौकोनांना एकदा सर्वांनी बाहेर जाऊन सेवउसळ खायची, असेही ठरले. बडोद्यात राहणाऱ्यांना सांगायला नको, की हा मोठा खर्च नाही. पण तो ठरलेला खर्च होता, त्यामुळे खाताना कोणाच्या मनात अपराधी भावना नसे.

कोणते कर्ज आधी फेडावे, यावर पुष्कळ लिहिले जाते. हिशेब सांगतो, की सर्वांत महाग कर्ज आधी फेडावे. अनुभवी माणसे सांगतात, की सर्वांत लहान कर्ज आधी संपवावे, म्हणजे हुरूप येतो. आमच्या सुदैवाने कार्डाची थकबाकी लहानही होती आणि महागही. दरमहा साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के व्याज होते, आणि केवळ किमान रक्कम भरत राहणारा माणूस त्या चिखलात वर्षानुवर्षे रुतून राहतो. मी माझ्या पाटल्या आणि गोफ विकून सोनेतारणाचे कर्ज आणि एका कार्डाची थकबाकी एकदम मिटवली. दुसरे कार्ड पुढच्या सात-आठ महिन्यांत संपवले. त्यानंतर सोन्याचा भाव किती वाढला, हे मला अनेकांनी ऐकवले आहे. मला त्या निर्णयाचा पश्चात्ताप नाही. सोनेतारण आणि दोन्ही कार्डे मिळून सत्तावीस चौकोन होते; त्या एका दिवसात त्यांपैकी बहुतेक सगळे रंगले आणि घरातल्या चौघांनाही प्रथमच वाटले, की हे होण्यासारखे आहे.

मात्र नणंदेच्या पैशांच्या बाबतीत आम्ही हिशेब बाजूला ठेवला आणि त्याविषयी मला जरा सविस्तर सांगायचे आहे. ते दीड लाख बिनव्याजी होते. कोणताही सल्लागार म्हणेल, की ते शेवटी द्यावेत. ती नवसारीला असते. पैसे दिल्यापासून तिने एकदाही विषय काढला नाही; उलट मी फोनवर काही बोलू लागले, की म्हणे, “वहिनी, तुमचं तुम्ही आधी सावरा, माझं राहू दे.” तिच्या या चांगुलपणाचेच ओझे झाले. यजमान दोन वर्षे भाऊबीजेला तिच्याकडे गेले नाहीत. कधी रजा नाही म्हणाले, कधी तब्येतीचे कारण सांगितले. बँकेचा हप्ता माणसाच्या खिशातून जातो. आप्ताचे न फेडलेले पैसे त्याची ऊठबस, बोलणे-चालणे, सणवार यांतून जात राहतात. म्हणून जानेवारी २०२२ पासून आम्ही तिला दरमहा पाच हजार रुपये पाठवू लागलो. ती रागावली, दोनदा पैसे परतही पाठवले. आम्ही पुन्हा पाठवले. ऑक्टोबर २०२४ मध्ये शेवटचे पाच हजार गेले आणि ३ नोव्हेंबरच्या भाऊबीजेला यजमान सकाळच्या गाडीने नवसारीला गेले. वैयक्तिक कर्जाच्या व्याजाचे काही हजार रुपये या क्रमामुळे आम्हाला जास्त पडले असतील. ते आम्ही आनंदाने भरले.

आता ज्या काळात हे सारे मोडण्याच्या बेतात होते, त्याविषयी. जुलै २०२३ मध्ये सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या आणि खुब्याच्या शस्त्रक्रियेला १ लाख १० हजार रुपये लागले. हाताशी शिल्लक नव्हती, कारण उत्साहाच्या भरात आम्ही प्रत्येक रुपया कर्जातच टाकत आलो होतो. पुन्हा न वापरण्याचे ठरवलेले कार्ड बाहेर काढावे लागले. (आज सत्तरी पूर्ण केलेल्या ज्येष्ठांना आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे, ती ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाली. ज्यांच्या घरी असे वडीलधारे आहेत त्यांनी त्या योजनेचे कार्ड आजच काढून ठेवावे, ही कळकळीची विनंती.) मुलाने आलेखाच्या खाली आणखी एक पट्टी चिकटवून अकरा चौकोन वाढवले. ती पट्टी पाहिली, की मला कपाट उघडावेसे वाटत नसे. चार महिने आम्ही एकही चौकोन रंगवला नाही आणि नणंदेचे पाच हजारही थांबले. हप्ते जात होते, पण मनाने आम्ही सोडून दिले होते. कर्ज फेडणाऱ्या प्रत्येक घरात असे चार महिने कधीतरी येतातच, असे मला आता इतरांशी बोलल्यावर वाटते. म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की एक महिन्याचा घरखर्च भागेल एवढी गंगाजळी आधी बाजूला ठेवावी आणि मगच जास्तीचे पैसे कर्जात टाकावेत. व्याजाच्या हिशेबात ते चुकीचे दिसते. पण एका आजारपणाने सगळी उमेद जाते, तिची किंमत त्या हिशेबात धरलेली नसते.

त्या अवस्थेतून आम्हाला बाहेर काढले ते एका कागदाने, आणि या पत्राचे खरे प्रयोजन तो कागदच आहे. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ रोजी, व्याजदर बदलता असलेल्या हप्तेबंद वैयक्तिक कर्जांसाठी, ज्यांत गृहकर्जेही येतात, एक परिपत्रक काढले. व्याजदर बदलेल तेव्हा हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे करायचे, हे निवडण्याची संधी कर्जदाराला द्यावी, असे त्यात म्हटले आहे. त्याचबरोबर प्रत्येक तिमाहीच्या अखेरीस कर्जदाराला एक विवरणपत्र मिळाले पाहिजे: आजवर किती मुद्दल वसूल झाले, किती व्याज, हप्त्याची रक्कम किती, किती हप्ते उरले, वार्षिक व्याजदर काय, आणि हे सारे सोप्या, समजेल अशा स्वरूपात. जुन्या कर्जांनाही २०२३ च्या अखेरीपासून हे लागू आहे.

जानेवारी २०२४ मध्ये असे विवरणपत्र आमच्या हाती आले. त्यात उरलेले हप्ते १३२ असे लिहिले होते. मी २०२१ चा कागद काढून पाहिला; तेव्हाही उरलेले हप्ते १३२ च होते. मधले सव्वीस हप्ते, म्हणजे चार लाखांहून अधिक रुपये, आम्ही वेळेवर भरले होते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर, चार टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला, आमचा व्याजदर सातावरून साडेनऊवर गेला, आणि बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत लांबवली होती. तसे आम्हाला कोणी विचारल्याचे आठवत नाही. पहिल्या क्षणी हातपाय गळाले. पण त्याच कागदावर दुसरी ओळ होती: गृहकर्जाचे मुद्दल १४ लाख २० हजारांवरून सुमारे १२ लाख ६० हजारांवर आले होते. एक लाख साठ हजार खरोखरच फिटले होते. ते सोळा चौकोन मुलाने आणि मी त्या रात्री पुन्हा एकेक करून मोजले.

दुसऱ्या दिवशी आम्ही शाखेत गेलो आणि हप्ता साडेपंधरा हजारांवरून सतरा हजार करून घेतला. महिन्याला दीड हजार रुपयांच्या वाढीने १३२ हप्त्यांचे ११३ झाले, हे तेथील कर्मचाऱ्याने यंत्रावर काढून दाखवले. एकोणीस हप्ते एका सहीने कमी झाले! पुढे २०२५ मध्ये रेपो दर चार वेळा मिळून सव्वा टक्क्याने उतरला, तेव्हा हप्ता कमी करण्याचा मोह आम्ही टाळला; हप्ता तोच ठेवून मुदत घटू दिली. दिवाळीच्या बोनसमधून तीस हजारांची एकरकमी परतफेड केली. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर अशा मुदतपूर्व परतफेडीसाठी बँक दंड आकारू शकत नाही, हा नियम २०१२ पासून आहे. तरीही माझ्या ओळखीतील निम्म्याहून अधिक लोकांना अजून वाटते, की आधी पैसे भरले तर बँक दंड करते. एवढेच नव्हे, तर कर्ज पूर्ण फिटल्यावर घराची मूळ कागदपत्रे तीस दिवसांत परत मिळाली पाहिजेत आणि बँकेमुळे उशीर झाल्यास दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी लागते, हेही डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. आमच्या दृष्टीने तो दिवस दूर असला, तरी तो नियम मी चौकोनांच्या कागदाच्या माथ्यावर लिहून ठेवला आहे.

आज त्या कागदावरचे १२५ चौकोन रंगलेले आहेत आणि १०४ कोरे आहेत. वैयक्तिक कर्ज गेल्या नोव्हेंबरात संपले. आता केवळ घराचे कर्ज उरले आहे. चार वर्षांत आम्ही पाच वेळा सेवउसळ खाल्ली.

मी हे लिहिते आहे ते आमचे कौतुक व्हावे म्हणून नाही. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांतल्या आपल्या मराठी घरांमध्ये कर्जाविषयी बोलणे अजूनही लाजिरवाणे मानले जाते. हळदीकुंकवाला जमलेल्या वीस जणींपैकी दहा जणींच्या घरी हप्ते असतात आणि एकही त्याविषयी बोलत नाही. मी मागच्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवात धीर करून चौकोनांच्या कागदाची गोष्ट सांगितली, तर जाताना तिघींनी जिन्यात थांबवून विचारले, की ते विवरणपत्र बँकेत कोणाकडे मागायचे. त्यातल्या एकीचे अठरा लाखांचे कर्ज होते आणि उरलेले मुद्दल किती, हे तिला किंवा तिच्या यजमानांना सांगता आले नव्हते.

हे त्याच शहरात घडते, जेथे १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अन्योन्य सहाय्यकारी मंडळी स्थापन केली. देशातील सहकारी पतव्यवहाराचा आरंभ सांगताना तिचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. पुढे १९०८ मध्ये महाराज सयाजीराव गायकवाड यांनी येथेच बँक ऑफ बडोदाची स्थापना केली. अन्योन्य म्हणजे एकमेकांचे. ओळखीच्या माणसांनी एकत्र येऊन एकमेकांच्या गरजेला पैसा पुरवायचा, ही त्या नावातली कल्पना. आज कर्ज मोबाइलवर पाच मिनिटांत मिळते, आणि फेडणारा मात्र अगदी एकटा असतो. त्याच्याबरोबर कोणीतरी असावे, एवढेच मला म्हणायचे आहे.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली बँकांना: हे तिमाही विवरणपत्र संदेशातल्या एखाद्या दुव्यामागे न ठेवता शाखेत छापील स्वरूपात, मराठी आणि गुजराती भाषांत, विशेषतः ज्येष्ठ कर्जदारांना, मागितल्याबरोबर मिळावे आणि फिटलेल्या मुद्दलाचा आकडा त्यावर ठळक असावा. दुसरी आपणास: असे विवरणपत्र कसे वाचावे, हे एखाद्या नमुन्यासह आपल्या दैनिकात सविस्तर छापावे, गुंतवणुकीच्या सल्ल्यासाठी आपण देत असलेल्या जागेपैकी थोडी जागा परतफेडीलाही मिळावी. तिसरी बडोद्यातील मराठी मंडळांना: महिन्यातून एका रविवारी, एक तास, लोकांनी आपापली विवरणपत्रे घेऊन यावे आणि हिशेब जाणणाऱ्या एखाद्या निवृत्त बँक कर्मचाऱ्याने ती त्यांना समजावून द्यावीत. नावे विचारू नयेत, उपदेश करू नये. आमच्या इमारतीच्या गच्चीवर येत्या महिन्यापासून आम्ही हे सुरू करत आहोत. दोन निवृत्त शेजाऱ्यांनी होकार दिला आहे, सतरंज्या आमच्या घरून येतील.

आपली विश्वासू,
एक गृहिणी
दांडिया बाजार, वडोदरा